जे पार्ट टू ऑर्डरमध्ये नाही, ते फौजेत घडलेलंच नाही

वाचकांचे प्रश्न : फौजेतला पगार, रजा आणि मागे राहिलेलं घर

सोलापूर जिल्ह्यातून या वेळी आलेली बहुतेक पत्रं जवानांच्या घरच्यांची आहेत. जवानाला युनिटचा क्लार्क हाताशी असतो, घरच्यांच्या हातात फक्त बँकेचा मेसेज. त्यामुळे उत्तरं घरी बसून पडताळता येतील अशी दिली आहेत. महागाई भत्ता सगळीकडे १ जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के धरला आहे. तो जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. तुम्ही वाचाल तेव्हाचा दर घालून गुणाकार पुन्हा करा.

प्रश्न : मुलगा अग्निवीर आहे, दीड वर्ष झालं. खात्यात महिन्याला २३,१०० येतात. गल्लीतला दुसरा मुलगा आधीच्या भरतीतला, तोही साधा शिपाईच, पण घरी ४५ हजार सांगतो. आमच्या पोराचे कुणी मधे कापतंय का? आणि चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेतून ट्रॅक्टरसाठी आत्ता काही उचलता येईल का? (एक वडील, वैराग, ता. बार्शी)

कापलं जातंय, पण ते त्याच्याच नावावर साठतंय. अग्निवीराचं ठरलेलं मासिक पॅकेज पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये. यातले ३० टक्के सेवा निधीत जातात. दुसऱ्या वर्षी ३३,००० मधून ९,९०० वजा झाले की उरतात बरोबर २३,१००. म्हणजे तुमचा आकडा पैशाला पैसा जुळतो.

शेजारच्या मुलाचा हिशोब वेगळ्या खात्यातला आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्याआधी भरती झालेला शिपाई सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ३ मध्ये, २१,७०० च्या मूळ वेतनावर लागला आणि दरवर्षी एक घर वर सरकला. समजा आज तो २५,२०० वर आहे. त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे एमएसपी, ५,२००. झाले ३०,४००. महागाई भत्ता या दोन्हींच्या बेरजेवर मिळतो, नुसत्या मूळ वेतनावर नाही. तो १७,६३२. बेरीज ४८,०३२. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणी, असेल तर वाहतूक भत्ता १,८०० आणि त्यावरचा महागाई भत्ता धरून २,८४४. एकूण ५०,८७६. यातून प्रॉव्हिडंट फंड आणि सैन्याच्या गट विम्याची वर्गणी वजा होते, मग घरी सांगायचा आकडा तयार होतो. फंडात कुणी किमान ६ टक्केच टाकतो, कुणी दहा हजार टाकतो, त्यामुळे एकाच पलटणीतल्या दोन शिपायांच्या खात्यातही सारखी रक्कम पडत नाही.

अग्निवीराला एमएसपी नाही, महागाई भत्ता नाही, चार वर्षांनंतर पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी नाही. जोखमीच्या जागेचा भत्ता, गणवेश आणि प्रवासाचं मात्र त्याला लागू आहे. राहणं, लंगरचं जेवण, दवाखाना यांचा खर्च त्यालाही नाही. ४८ लाखांचा विमा आहे आणि त्यासाठी पगारातून वर्गणी कापत नाहीत.

आता ट्रॅक्टर. चार वर्षांत त्याच्या पगारातून ५.०२ लाख जमतात, सरकार तेवढेच घालते. मिळून १०.०४ लाख आणि वर व्याज. यावर प्राप्तिकर लागत नाही. पण चार वर्षं पुरी होईपर्यंत या पैशाला हात लावता येत नाही. शिवाय दोन गोष्टी घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. मुलगा स्वतःच्या इच्छेने मधेच नोकरी सोडून आला तर त्याला फक्त त्याचा जमलेला हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा नाही. आणि जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर पुढे कायम होतात, त्यांत तो आला तरीही सेवा निधीतून त्याचा स्वतःचाच हिस्सा हाती पडतो, कारण पुढे पेन्शनची नोकरी सुरू होते. त्यामुळे 'अकरा-बारा लाख येणारच' असं धरून सावकाराला शब्द देऊ नका. पोरगा कायम झाला तर आनंदच आहे, पण त्या वर्षी हातात येणारी रक्कम निम्मी असेल.

प्रश्न : मालक नाईक आहेत. आधी पीस स्टेशनला फॅमिली क्वार्टर होतं, आता त्यांची बदली लडाखला झाली. मी मुलांना घेऊन सोलापुरात विजापूर रोडला भाड्याने राहते. पाच महिने झाले, घरभाडं लागलेलं नाही. ते म्हणतात 'कागद गेलाय'. नेमका कुठला कागद? (एक गृहिणी, सोलापूर)

ताई, एक नाही, तीन कागद आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवरून जातात.

पहिला, जुनं क्वार्टर रिकामं केल्याचा दाखला. तुम्ही किल्ली दिली, सामान ट्रकमध्ये घातलं, म्हणजे क्वार्टर सुटलं असं नाही. एमईएसचा, म्हणजे फौजेच्या बांधकाम-देखभाल खात्याचा, माणूस पंखे, नळ, बल्ब, खिडकीच्या काचा मोजून घेतो, तुटफुटीचं बिल लावतो आणि मग रिकामं केल्याची नोंद होते. ती नोंद पे अकाउंट्स ऑफिसला पोचली नाही तर त्यांच्या लेखी तुम्ही अजून तिथेच राहता. मग घरभाडं तर येत नाहीच, उलट जुन्या क्वार्टरचं भाडं आणि विजेचं बिल पगारातून कापलं जात राहतं. पे स्लिपच्या वजावटीच्या बाजूला अशी एखादी रक्कम दिसत असेल तर अडचण इथेच आहे.

दुसरा, कुटुंब कुठे ठेवलं आहे याची निवड. फौजेत याला 'सिलेक्टेड प्लेस ऑफ रेसिडेन्स' म्हणतात. जवान फील्डला असेल आणि तिथे कुटुंब नेता येत नसेल तर कुटुंब राहतं त्या गावाच्या दराने घरभाडं मिळतं. त्यासाठी युनिटमध्ये अर्ज, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि त्यावर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटची अधिकृत नोंद, लागते.

तिसरा, लग्नाची पार्ट टू ऑर्डर. ही झाली असेलच, नाहीतर क्वार्टर मिळालं नसतं. तरी पाहून घ्या.

पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या आयुष्यातल्या प्रत्येक घटनेची युनिटने काढलेली अधिकृत नोंद : लग्न, मूल, रजा, बदली, क्वार्टर, बढती. पगार काढणारं ऑफिस जवानाला ओळखत नाही, या नोंदी ओळखतं. 'कागद गेलाय' याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की अर्ज क्लार्कच्या ट्रेमध्ये पडला आहे. म्हणून मालकांना एकच विचारा : पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख काय? नंबर सांगता आला तर कागद खरंच गेलाय. ऑर्डर निघाली की नाही आणि पगारात धरली की नाही, हे त्यांना हमराज या जवानांसाठीच्या अॅपवर स्वतः पाहता येतं. नाकारली गेली असेल तर कारणही कळतं, आणि ते बहुतेक वेळा नावाचं स्पेलिंग, तारीख किंवा सोबतचा कागद न जोडणं असं साधंच निघतं. त्या स्क्रीनचा फोटो मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका, त्यावर युनिटची माहिती असते.

आता रक्कम. घरभाड्याच्या दरासाठी गावा-शहरांचे एक्स, वाय, झेड असे गट आहेत, सोलापूर शहर वाय गटात आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून, वाय गटाचा दर २० टक्के आणि झेड गटाचा १० टक्के झाला. घरभाडं नुसत्या मूळ वेतनावर मिळतं, त्यात एमएसपी धरत नाहीत. मालकांचं मूळ वेतन २८,७०० धरलं तर त्याचे २० टक्के ५,७४०. पाच महिन्यांची थकबाकी २८,७००. ती बुडत नाही, ऑर्डर धरली गेली की मागील तारखेपासून एकदम जमा होते.

एक खाच आहे. पत्ता महापालिका हद्दीतला असायला हवा. भाडेकरार शहरातला, पण आधार कार्ड अजून सासरच्या गावचं, मंगळवेढा किंवा अक्कलकोट तालुक्यातलं असेल, तर हिशोब करणारा झेड गट लावतो आणि ५,७४० चे २,८७० होतात. आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या, मग अर्ज.

प्रश्न : मुलांच्या शिक्षणाचे पैसे दरमहा का येत नाहीत? (मोहोळ)

कारण ते वर्षातून एकदाच, शैक्षणिक वर्ष संपल्यावर मागायचे असतात. दर मुलामागे महिना २,८१२.५० रुपये, म्हणजे वर्षाला ३३,७५०, पहिल्या दोन मुलांसाठी, बारावीपर्यंत. वह्या-पुस्तकांच्या पावत्या लागत नाहीत, मुख्याध्यापकांचा दाखला पुरतो. चूक तिथेच होते : शाळा नेहमीचा बोनाफाईड देते, 'सध्या इयत्ता सहावीत शिकत आहे'. हवा असतो 'मागील शैक्षणिक वर्षात इयत्ता पाचवीत शिकत होता' असा. दुसरी चूक जन्मदाखल्यात असते. दवाखान्यातून घरी येताना काढलेल्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं आणि पुढे तसाच तो युनिटला जातो. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव चढवलेला दाखला घेऊन मगच मुलाची पार्ट टू ऑर्डर करायला सांगा.

प्रश्न : पोरगा ट्रेनिंगला आहे, फोनवर 'जेवण चांगलंय' म्हणतो पण आवाज उतरलाय. तिथं भाकरी मिळत नाही म्हणे. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एक सोलापुरी चादर पाठवू का? (एक आई, मंगळवेढा)

जेवण पोटभर असतं, त्याची काळजी नको. लंगरमध्ये सकाळी नाश्ता, दुपारी आणि रात्री रोटी, भात, डाळ, भाजी, शाकाहारी-मांसाहारी दोन्ही, दूध, फळ. वाढायला हात आखडता नसतो. अडचण चवीची आहे. आपल्याकडे ज्वारी आणि तिखट, तिथे गहू आणि उत्तरेच्या पद्धतीची भाजी. पहाटे उठून पीटी, मग नाश्ता, परेड, हत्यारांचा सराव, जेवण, संध्याकाळी खेळ आणि रात्री गिनती. कधी पहाऱ्याची ड्यूटी. या धावपळीत पहिले काही आठवडे वजन उतरतं. आवाज उतरतो तो अपुऱ्या झोपेने.

चादर पाठवू नका. ब्लँकेट, मच्छरदाणी, बिछान्याचं सामान तिथेच मिळतं, आणि बॅरेकमधल्या सगळ्या खाटा एकसारख्या लावाव्या लागतात. मोर-नक्षीची लाल चादर एकट्याच्या खाटेवर दिसली की उस्तादाचं, म्हणजे शिकवणाऱ्याचं, लक्ष नेमकं तिथेच जाणार. ती पुढे पोस्टिंगला जाताना रेल्वेच्या बर्थवर उपयोगी पडेल.

खाण्याचं पार्सल ट्रेनिंग सेंटरला चालतं का, हे आधी त्याला विचारा. काही ठिकाणी भरतीच्या पोरांना बाहेरचं घेऊ देत नाहीत. पोस्टिंगच्या जागी पाठवता येतं. तेव्हा एवढं पाळा.

कडक भाकरी तव्यावरून काढून, पूर्ण वाळवून, एक रात्र उघड्यावर ठेवून मग भरा. कोमट असताना डबा बंद केला तर आतल्या वाफेने ती मऊ पडते आणि सात-आठ दिवसांच्या प्रवासात बुरशी धरते. चटणीचं बिघडतं ते लसणाने. ओला लसूण शेंगदाण्यांबरोबर कुटला की ओलावा आत राहतो. सोललेल्या पाकळ्या तव्यावर कोरड्या होईपर्यंत परतून, गार करून मग कुटा. वरून तेल घालू नका, शेंगदाण्याला कुटताना सुटतं तेवढं पुरे. अर्ध्या किलोचे दोन डबे करा, एक किलोचा एक नको : बॅरेकमध्ये डबा उघडला की तो एकट्याचा राहत नाही, दुसरा मागे राहील. डोंगरावरच्या पोस्टिंगला हवाबंद पाकीट फुगून फुटतं, कारण तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो. पाकिटात हवा न ठेवता, थोडी जागा मोकळी सोडून बंद करा. तेलाचं लोणचं पार्सलने पाठवू नका. ते पाझरलं तर इतरांची टपालंही खराब होतात.

पत्त्यावर सैनिक नंबर, हुद्दा, नाव, युनिटचं नाव, पिन आणि पश्चिमेकडच्या युनिटसाठी 'मार्फत ५६ एपीओ', पूर्वेकडच्यासाठी 'मार्फत ९९ एपीओ'. फौजी पिन ९ ने सुरू होतो. लेह, तवांग असं गावाचं नाव लिहायचं नाही. लिहिलं तर पार्सल साध्या टपालात शिरून भरकटतं, आणि युनिट कुठे आहे ते जगाला कळतं. हेच व्हॉट्सअॅप स्टेटसला लागू आहे. 'आज आमचा वाघ अमुक गाडीने अमुक ठिकाणी निघाला' हे कौतुक घरातच करा.

प्रश्न : वर्षाला ९० दिवस रजा असते म्हणतात. मग गड्ड्याच्या यात्रेला सलग तीन वर्षं का आला नाही? (एक भाऊ, सोलापूर)

९० दिवस म्हणजे ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा, ज्याला जवान सीएल म्हणतात. दोन्ही एकाला एक जोडता येत नाहीत, आणि सीएल त्या वर्षात घेतली नाही तर संपते. वार्षिक रजेतले न घेतलेले दिवस ठरावीक मर्यादेत साठतात आणि निवृत्तीला जास्तीत जास्त ३०० दिवसांचे पैसे मिळतात. अग्निवीराला वर्षाला ३० दिवसच.

हे नियमित जवानाचे दिवस असले तरी रजा हक्क म्हणून मागता येत नाही. युनिटमधले किती जण एका वेळी बाहेर असू शकतात हे ठरलेलं असतं, आणि वर्षाच्या सुरुवातीला रजेचा आराखडा बनतो. जानेवारीत उत्तरेकडच्या पोरांना लोहडी, तमिळ पोरांना पोंगल, आपल्याला संक्रांत आणि सिद्धेश्वराचा गड्डा, सगळे एकाच आठवड्यात. दरवर्षी सर्वांना देणं शक्यच नसतं. त्याने मागच्या दोन वर्षांत जानेवारी घेतली नाही, हे आराखडा बनतानाच सिनियर जेसीओंच्या (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या) कानावर घालायचं असतं. डिसेंबरात मागून काही होत नाही.

प्रवासासाठी वर्षाला रेल्वेचं मोफत वॉरंट असतं, तिकीट आता बहुतेक डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीमवरून निघतं. सोलापूरच्या जवानाला दिल्लीहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट पडते. जागा नसेल तर नवी दिल्ली स्टेशनवरच्या एमसीओकडे, म्हणजे फौजेच्या प्रवास कार्यालयात, फौजी कोट्याची चौकशी करावी. तिथे ओळखपत्र आणि रजेचं सर्टिफिकेट दोन्ही लागतात.

परतायचा दिवस मात्र पाळा. गाडी चुकली, आई आजारी पडली, तर रजा संपायच्या आत युनिटला कळवून मुदत वाढवून घ्यायची. स्वतः आजारी पडला तर सरकारी रुग्णालयात दाखल होऊन कागद करायचे आणि त्याच दिवशी युनिटला कळवायचं, खासगी डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही. न कळवता थांबला तर ती आर्मी अॅक्टच्या कलम ३९ खाली गैरहजेरी. मग पकडून आणण्याचा कागद गावच्या पोलिस ठाण्यात येतो, आणि ३० दिवसांनंतर चौकशी बसून त्याला पळपुटा जाहीर करता येतं. त्या दिवसांचा पगार जातो आणि पेन्शनच्या सेवेतूनही ते दिवस वजा होऊ शकतात. लग्नाच्या दोन दिवसांच्या गोंधळासाठी घरचे 'राहू दे रे' म्हणतात, आणि भरतो तो.

प्रश्न : आठ वर्षं झाली, बढती नाही, पगार तरी वाढतो का? (करमाळा)

वाढतो. एमएसीपी, म्हणजे बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी पगार वाढवणाऱ्या योजनेनुसार, जवानाला ८, १६ आणि २४ वर्षांनी वरच्या हुद्द्याची वेतनपातळी मिळते. खांद्यावर फीत नाही, पण पगार नाईकाचा. आठ वर्षं झाल्यावर दोन-तीन महिन्यांत पे स्लिपवर लेव्हल ४ दिसली नाही तर विचारा. लाल शाईच्या नोंदी, म्हणजे शिक्षा, असतील तर लांबतं.

प्रश्न : हवालदार म्हणून निवृत्त झालो. स्पर्शमध्ये (फौजी पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेत) पेन्शन गेल्यापासून त्रास आहे. नोव्हेंबरात गावच्या सेंटरवर हयातीचा दाखला दिला, मेसेजही आला, तरी पेन्शन थांबली. मंडळींचं नाव पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी'. त्यानं थांबली का? आणि पेन्शन एकूण किती बसायला हवी? (एक माजी सैनिक, पंढरपूर तालुका)

काका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्शन थांबली ती दाखल्यामुळे, नावामुळे नाही. पण नावाचं काम त्याहून गंभीर आहे.

दाखला देताना सेंटरवरचा मुलगा 'पेन्शन देणारी संस्था' या रकान्यात तुमची जुनी बँक निवडतो, कारण त्याला ती ओळखीची असते. स्पर्शमध्ये गेलेल्यांची पेन्शन आता बँक काढत नाही, बँकेत फक्त जमा होते. तिथे 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडावं लागतं. शहराचं नाव प्रयागराज झालं तरी यादीत अलाहाबादच शोधा. पीपीओ नंबरही जुना नाही, स्पर्शचा १२ अंकी घालायचा. यांपैकी एक जरी चुकलं तरी दाखला तयार होतो, मेसेज येतो, आणि तो चुकीच्या दारात जाऊन पडतो. तसाच दुसरा दाखला बरोबर पर्यायासह पुन्हा काढा, थांबलेले महिने मागून मिळतात. शेतीकामाने बोटांचे ठसे झिजले असतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. उजेड समोरून घ्या आणि टोपी काढा.

आता नाव. तुमच्या पश्चात कुटुंब पेन्शन पीपीओतल्या नावाला मिळते, आणि खातं उघडतं आधारच्या नावाने. दोन्ही एक नसतील तर तुमच्या मंडळींना ऐन दुःखात कचेऱ्या फिराव्या लागतील. तुम्ही हयात असताना हे काम दोन सह्यांचं आहे : दोघांचं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, लग्नाचा पुरावा, एकत्र फोटो, डिस्चार्ज बुकची प्रत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून हे तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. तिथून प्रयागराजला आणि मग दुरुस्तीचा पीपीओ. त्यात जन्मतारीखही आहे का ते बघा. जुन्या पीपीओंमध्ये बायकोची जन्मतारीख नसते, आणि ८० वर्षांनंतर वाढणारी कुटुंब पेन्शन तिच्यावरच ठरते. नावाचं काम आधार बदलूनही जमेल, तेही करता येईल. मात्र मग तिचं बँक खातं, पॅन, सातबारा सगळीकडे 'लक्ष्मीबाई' करावं लागेल. पीपीओ बदलणं सोपं.

पेन्शनच्या रकमेबद्दलही तुम्ही विचारलंय. शेवटचं मूळ वेतन ३९,२०० असेल तर एमएसपीसह ४४,४००, निम्मे २२,२००, त्यावर ५८ टक्के महागाई मदत १२,८७६, एकूण ३५,०७६. निम्मी पेन्शन विकली असेल तर ११,१०० कमी होतात, पण महागाई मदत पूर्ण २२,२०० वरच मिळायला हवी. ती ११,१०० वर काढलेली दिसली तर लगेच तक्रार करा. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. ती तारीख कॅलेंडरवर नाही, पीपीओच्या प्रतीवरच पेनाने लिहून ठेवा.

प्रश्न : लग्नाआधी मुलाने सगळीकडे माझं नाव लावलं होतं. आता सून म्हणते बदला. काय काय बदलावं लागेल? (एक आई, माढा)

कुटुंब पेन्शन नामनिर्देशनावर चालत नाही, लग्नानंतर ती नियमाने पत्नीची. त्यावर वाद घालून उपयोग नाही. गट विमा आणि प्रॉव्हिडंट फंड यांच्यासाठी मात्र नाव जवानानेच ठरवायचं असतं, आणि टक्केवारीने वाटता येतं, म्हणजे काही पत्नीला, काही आईला. पगाराच्या बँक खात्याला जोडलेला अपघात विमा हे तिसरं ठिकाण, ते बहुतेक जण विसरतात. तिथलं नाव बँकेतच बदलावं लागतं, युनिटमध्ये नाही. तिघांनी एका बैठकीत ठरवा आणि मुलाला पुढच्या रजेत नाही, आत्ताच अर्ज द्यायला सांगा.

प्रश्न : ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत) मुलाचं कार्ड बंद झालं. तो २६ चा आहे, नोकरी नाही. (सांगोला)

२५ वर्षं पूर्ण, लग्न किंवा कमाई, यांतलं जे आधी होईल तेव्हा मुलाचं कार्ड संपतं. बेकार असणं हा अपवाद नाही. अपंगत्व असेल तर वेगळा नियम आहे, तो सोलापूरच्या पॉलीक्लिनिकमध्ये प्रमाणपत्र दाखवून विचारा. मुलीला वयाची अट नाही, लग्न आणि कमाई या दोनच. तुमच्यासाठी लक्षात ठेवायचं ते वेगळंच : तातडीने पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात जावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवायचं. बिल मंजूर न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. पॉलीक्लिनिकचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये नाही, घरातल्यांच्या मोबाइलमध्ये हवा, कारण त्या दिवशी फोन करायला तुम्ही नसाल.

प्रश्न : माजी सैनिकाला घरपट्टी माफ आहे का? (सोलापूर)

आहे, राज्यात २०२० पासून, एका निवासी घरापुरती. आपोआप होत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, ओळखपत्र आणि घराच्या उताऱ्यासह महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, अर्ज तिथेच अडतो.